बिल भरणाऱ्याचा महागाई भत्ता

विधिमंडळाचं अधिवेशन तोंडावर आलं, की सांगली-साताऱ्याकडच्या मोबाइलांवर एक तक्ता फिरू लागतो. आमदाराला काय काय मिळतं त्याची यादी, समोर आकडे, खाली फाटक्या सदऱ्यातला शेतकरी आणि 'आता तरी जागे व्हा' अशी हाक. निम्मे आकडे जुने असतात, काही तर धादांत खोटे. संसदेच्या उपाहारगृहात जवळजवळ फुकट जेवण मिळतं, ही ओळ त्यात अजून असतेच. ते अनुदान जानेवारी २०२१ मध्येच बंद झालं. आमदार-खासदारांच्या पगाराला प्राप्तिकर लागत नाही, ही दुसरी ओळ, तोही लागतो. आमदार निधीचे कोट्यवधी रुपये साहेबांच्या खात्यावर जमा होतात, असं मनापासून मानणारी माणसं तर चहाच्या प्रत्येक गाड्यावर भेटतात.

असं असलं तरी हा तक्ता थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो पुढे पाठवणारा माणूस महिन्याच्या ज्या आठवड्यात तो पाठवतो, त्याच आठवड्यात त्याच्या दारात महावितरणचं बिल पडलेलं असतं, गॅसचा नंबर लावायचा असतो आणि वाण्याची वही मागच्या महिन्याची बाकी दाखवत असते. "त्यांना तीन लाख, आन् आमच्या सिलिंडरची सबसिडी गेली ती गेलीच," हे वाक्य मिरजेच्या स्टँडवर ऐकलं काय किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, सारखंच. त्यात अडाणीपणा शोधणाऱ्या शहाण्यांशी माझं जमत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. हा राग आकड्यावर खर्च होतो आणि आकड्यामागचा नियम सुटून जातो. खरी गोम त्या नियमात आहे.

आधी खरे आकडे. राज्यघटनेच्या १९५व्या अनुच्छेदाने आमदारांचं वेतन ठरवायचा अधिकार विधिमंडळाला दिला आहे, १०६व्याने खासदारांचं ठरवायचा अधिकार संसदेला. मागणारा, मंजूर करणारा आणि घेणारा असे तिघे एकाच बाकावर बसतात. महाराष्ट्रात ५ ऑगस्ट २०१६ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. ७५ हजारांच्या आसपास असलेली आमदाराची महिन्याची रक्कम १ लाख ७० हजारांच्या घरात गेली. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार झालं. त्या दिवशी सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, हे सभागृहात बसलेल्या पाहुण्याला ओळखता आलं नसतं.

२०१६ हे साल आमच्या भागाला दुसऱ्याच कारणाने आठवतं. ११ एप्रिलला मिरज स्थानकातून पाण्याच्या टाक्यांची रेल्वे लातूरकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होतं. मग पाऊस येईपर्यंत फेऱ्या चालू राहिल्या. एका जिल्ह्याचं पिण्याचं पाणी दुसऱ्या जिल्ह्यातून रुळावरून न्यावं लागलं, अशा वर्षात हे विधेयक आलं. वेळ निवडण्याची ही कला आपल्या राज्यकर्त्यांना कुठून साधली, देव जाणे. मार्च २०२२ मध्ये कोरोनातून लोक नुकते कुठे सावरत होते, तेव्हा ३०० आमदारांना मुंबईत घरं देण्याची घोषणा विधानसभेत झाली. बाहेर इतका गदारोळ उठला की घरं फुकट नाहीत, पैसे घेऊनच देणार, असा खुलासा करत बसावं लागलं.

पण २०१६ च्या त्या कायद्यातली महत्त्वाची गोष्ट रक्कम नव्हतीच. आमदाराचं मूळ वेतन राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडलं गेलं. सातव्या वेतन आयोगानंतर ते १ लाख ८२ हजार २०० रुपये झालं आणि त्यावर महागाई भत्ता सुरू झाला. २०२२ च्या सुमारास भत्ता २८ टक्के होता, तेव्हा दूरध्वनीचे ८ हजार, टपाल-लेखनसामग्रीचे १० हजार आणि संगणकचालकाचे १० हजार धरून आमदाराचे महिन्याला २ लाख ६१ हजार २१६ रुपये होत. पुढे भत्ता पन्नास टक्क्यांच्या वर गेला, त्या हिशेबाने रक्कम तीन लाखांच्या घरात जाते. यासाठी नवं विधेयक लागलं नाही, कुणाला बाक वाजवावा लागला नाही, पेपरात बातमी आली नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता वाढला की आमदारांचाही वाढतो.

खासदारांचं गणित २०१८ मध्ये असंच बांधलं गेलं. दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वेतन वाढेल, अशी तरतूद झाली. त्यानुसार २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने मूळ वेतन १ लाखावरून १ लाख २४ हजार झालं, दैनिक भत्ता २ हजारांवरून अडीच हजार, निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार. आणि हे सगळं १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या फरकासकट. त्याच आठवड्यात सीमेपलीकडे कर्नाटक विधानसभेने गोंधळातच आमदारांचं मूळ वेतन ४० हजारांवरून ८० हजार करून घेतलं होतं. पुढच्या पंधरवड्यात, ७ एप्रिलला, घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला.

आता लोक म्हणतात, यांचे पगार निम्मे करा. करू या. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ मिळून ३६६. दरमहा तीन लाख धरले तर वर्षाला सव्वाशे ते दीडशे कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. सगळ्यांचा पूर्ण पगार रद्द केला तरी बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात माणशी वर्षाला दहा-अकरा रुपये वाचतील. प्रवास, स्वीय सहायक, वाहनचालक, गाडीच्या कर्जाचं व्याज असं सगळं धरून रक्कम दुप्पट केली तरी बावीस. त्यात सांगलीत एक चहासुद्धा धड येत नाही, वडापाव तर लांबच. एप्रिल २०२० मध्ये सगळ्या आमदारांच्या वेतनात वर्षभरासाठी ३० टक्के कपात झाली होती. त्या वर्षी कुणाचं बिल कमी झालं? उलट त्याच उन्हाळ्यात तीन महिन्यांची रीडिंग न घेतलेली वीजबिलं एकदम हातात पडली आणि माणसं डोक्याला हात लावून बसली.

म्हणून हा राग पैशाच्या बचतीचा नाहीच. माणसाला खटकतं ते दुसरं काही. ते काय, हे बघायला आमदाराच्या पगारपत्रकाआधी घरातलं विजेचं बिल उलगडून बघावं.

त्यात स्थिर आकार असतो, तो घर बंद ठेवून महिनाभर गावी गेलात तरी लागतो. मग वीज आकार. शंभर युनिटांच्या पुढे गेलात की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट. एक फ्रिज, दोन पंखे, टीव्ही आणि मिक्सर असलेलं कुपवाडच्या कामगार वस्तीतलं घरसुद्धा एप्रिल-मेमध्ये शंभराची रेघ सहज ओलांडतं. मग वहन आकार, म्हणजे वीज दारापर्यंत आणण्याचा. मग इंधन समायोजन आकार. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आकार वाढला की त्यावरचा करही वाढला. उन्हाळ्यात वेगळा कागद येतो, अतिरिक्त सुरक्षा ठेवीचा: गेल्या वर्षी तुम्ही जास्त वीज वापरलीत, म्हणून ठेवही वाढवून भरा.

यातला इंधन समायोजन आकार मला फार बोलका वाटतो. कोळसा महागला, बाहेरून घेतलेली वीज महाग पडली, तर तो फरक ग्राहकाकडून वसूल करायची रीतसर सोय आहे ही. चूक म्हणत नाही मी. कंपनीही तोट्यात किती दिवस चालणार? पण विचार करा. वीज कंपनीकडे महागाईचं सूत्र आहे. एसटीचं भाडं २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढलं, त्यालाही इंधन आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वाढल्याचा आधार होता. सरकारी अधिकाऱ्याला महागाई भत्ता आहे. आमदाराला अधिकाऱ्याच्या वेतनामार्फत तोच आहे. खासदाराला निर्देशांक आहे. बिल पाठवणाऱ्या आणि बिल ठरवणाऱ्या प्रत्येकाकडे महागाई मोजायची सोय आहे, आणि बिल भरणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ती नाही. माझ्या मते तक्त्यामागच्या रागाचं मूळ इथे आहे, फक्त तो असा मांडला जात नाही.

बिल भरणारे म्हणजे कोण, हेही जरा नावानिशी बघू. नावं माणसांची नाहीत, कामांची.

पहिला, आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सापडणारा: निवृत्त साखर कामगार. ऊस, कारखाना, राजकारण यांवर आमच्याकडे रोज पानं भरतात, पण कारखान्यात तीस वर्षं बॉयलरपाशी किंवा वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय मिळतं, हे त्याच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नसतं. त्याला मिळते ती फंडाची पेन्शन, म्हणजे १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचं सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मेख आहे ती पगाराच्या मर्यादेत. खरा पगार कितीही असो, मर्यादा आधी साडेसहा हजार होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार झाली आणि पुढे दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिली. १९९५ मध्ये लागलेला कामगार २०२५ मध्ये निवृत्त झाला, तर त्या त्या काळच्या मर्यादेइतक्या पगारावर हिशेब करूनही त्याच्या हातात महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पडतात. त्यात महागाई भत्ता नाही. जी रक्कम बसली, ती मरेपर्यंत तेवढीच. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, आणि हातावरच्या रेघा कामाने झिजल्या असतील तर अंगठा उमटत नाही म्हणून परत यायचं. योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १ हजार ठरलं. एसटीतून निवृत्त झालेले चालक-वाहक, सूतगिरण्यांचे कामगार, सहकारी संस्थांचे कारकून, सगळे याच रांगेत आहेत.

याच्या शेजारी आमदाराचं निवृत्तिवेतन ठेवा. एका मुदतीला ५० हजार आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जास्त. चार वेळा निवडून आलेल्याचे होतात ८० हजार. वेतनातून कापलेली वर्गणी यात आधाराला नाही. याच सभागृहाने १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झालेली पाहिली, आणि मार्च २०२३ मध्ये ते संपावर गेले तेव्हा राज्याच्या तिजोरीवरच्या ताणाची भाषणं ऐकली. ताण खरा आहे. पण तो पाच वर्षांच्या आमदारकीला लागू होत नाही आणि तीस वर्षांच्या शिक्षकाला होतो, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? पंजाबने २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून या, निवृत्तिवेतन एकाच मुदतीचं, असा कायदा केला. आमच्याकडे तेवढंही सुचलेलं नाही.

दुसरी, शाळेत खिचडी शिजवणारी बाई. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनिसाचं मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना १ हजार ठरवलं. केंद्राच्या लेखी ते पुढेही तेवढंच राहिलं. महाराष्ट्राने आपली भर घालून ते अडीच हजारांवर नेलं. तेही वर्षाचे दहा महिने. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला भूक लागत नाही, असं शासनाचं मत असावं.

अंगणवाडी सेविकेचं तुलनेने बरं आहे, पण ते बरं कसं झालं? ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला त्यांचा संप जवळजवळ दोन महिने चालला. थंडीत बायका आझाद मैदानावर बसल्या, इकडे जिल्हा परिषदेच्या दारात बसल्या. वाढ त्यानंतर पदरात पडली. सभागृहात आपली वाढ करून घ्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात या बायकांची सांगली-मुंबई रेल्वे कराडसुद्धा ओलांडत नाही.

औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराबाबत मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. किमान वेतनाच्या कायद्यात विशेष भत्त्याची सोय आहे आणि तो दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे बदलतो. म्हणजे महागाईला जोडलेला पगार ही काही आमदारांनीच शोधलेली युक्ती नाही. कामगार चळवळीने ती फार आधी मिळवलेली आहे. कंत्राटी कामगाराच्या हातात त्यातलं किती उतरतं, हे मिरज किंवा कुपवाडच्या वसाहतीत पगाराच्या दिवशी उभं राहून विचारावं. बारा तास, साप्ताहिक सुट्टी नावाला, आणि सही एका आकड्यावर.

आता मला आवडलेला हिशेब. खासदारांची २४ टक्के वाढ कोणत्या निर्देशांकाने झाली? प्राप्तिकर कायद्यातल्या महागाई निर्देशांकाने, जो एरवी घर-जमीन विकल्यावर नफा मोजायला वापरतात. २०१८-१९ मध्ये तो २८० होता, २०२३-२४ मध्ये ३४८. भागून बघा, २४ टक्केच. म्हणजे या काळात जगणं एवढं महागलं, हे भारत सरकारने अधिकृतपणे मान्य केलेलं आहे. मग हाच निर्देशांक दुसऱ्यांना लावू. २०१४-१५ मध्ये तो २४० होता आणि २०२५-२६ साठी ३७६. कामगाराच्या पेन्शनची १५ हजारांची मर्यादा या हिशेबाने २३ हजार ५०० व्हायला हवी. हजाराची किमान पेन्शन १ हजार ५६७. खिचडीवाल्या बाईचे केंद्राने ठरवलेले हजार, २००९-१० च्या १४८ निर्देशांकावरून, २ हजार ५४०. या काही डोळे दिपवणाऱ्या रकमा नाहीत. १ हजार ५६७ रुपयांत म्हाताऱ्या नवराबायकोचा औषधाचा खर्चही भागत नाही. शिवाय हा निर्देशांक किरकोळ महागाईच्या वाढीपैकी तीन चतुर्थांशच धरतो, म्हणजे तो कंजूषच आहे. पण तो तरी लावा. खासदाराच्या घरातला गहू आणि पेन्शनराच्या घरातला गहू एकाच बाजारातून येतो ना?

यावरचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो पोकळ नाही. खासदार-आमदार मोजके, फंडाचे पेन्शनर देशात पाऊण कोटी. मोजक्यांना महागाई देणं परवडतं, पाऊण कोटींना दिली तर फंड कोसळेल. ठीक आहे. मग तसं स्पष्ट बोला. 'तुम्ही संख्येने जास्त आहात म्हणून तुमची महागाई आम्ही धरणार नाही', असं एकदा सभागृहात सांगा, नोंद होऊ द्या. त्यावर वाद होईल, वर्गणी वाढवायची की सरकारचा वाटा, हे ठरवता येईल. आज होतं असं की मागणी आली की समिती नेमली जाते आणि उत्तर येतं 'विचाराधीन'. महिना दीड हजाराच्या लाडक्या बहिणीला निवडणुकीआधी २ हजार १०० चं आश्वासन मिळालं. म्हणजे सामान्य माणसाची महागाई निर्देशांकावर नव्हे, निवडणुकीच्या तारखेवर मोजली जाते.

मग पगार कमी करावेत का? मी त्या बाजूचा नाही. इथे माझे बरेच स्नेही रागावतात.

आमच्याकडे हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला जुन्या माणसांचा साधेपणा येतो. क्रांतिसिंह नाना पाटील येतात, यशवंतराव येतात, आर. आर. आबा येतात, शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि त्यांची एसटी येते. त्यांच्याविषयी आदर आहेच. पण साधेपणाच्या गोष्टी सांगून धोरण ठरत नाही. उलट पुढारी साधा असला की झालं, बाकी विचारायची गरज नाही, अशी सवय लागते. शिवाय त्याच गोष्टी नीट वाचल्या तर वेगळं दिसतं. नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून लढ्यात उतरलेले. मागे कारखाना नाही, बँक नाही, शिक्षणसंस्था नाही. असा माणूस १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेला आणि दिल्लीत राहू शकला, तर १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये आणि बैठकीच्या दिवशी २१ रुपये मिळत होते, हेही त्याला कारण आहे. लोकप्रतिनिधीला पगार हवा, ही मुळात गरिबांचीच मागणी. ब्रिटनमधल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ मध्ये ती केली, कारण बिनपगारी संसदेत जमीनदारच बसू शकत. ती मान्य व्हायला १९११ उजाडलं.

आज पगार निम्मा केला तर कुणाचं अडेल? ज्यांचं प्रतिज्ञापत्र कोटींत आहे त्यांचं नाही. ते महाराष्ट्रात बहुतेक सगळेच आहेत. आमच्या भागात आमदारकी ही कधी पगाराची नोकरी नव्हतीच. पगार हा तिचा सर्वांत छोटा भाग. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करायची कायदेशीर मुभा आहे, आणि गुलाल उधळेपर्यंत खरा खर्च किती होतो हे मंडपवाल्यापासून जेवणावळीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तो खर्च पगारातून निघत नाही. तो कशातून निघतो, हा तक्त्यात न छापलेला रकाना. पगारावर चिडणं सोपं, कारण तो आकडा छापील आहे.

आणि पगार कमी असला की काय होतं, ते गावात उघड दिसतं. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाचं मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये ३ हजारांवरून ६ हजार झालं. त्याआधी २०१९ पर्यंत ते एक हजार होतं. सरपंचपदांत निम्म्या जागा बायकांच्या. जत तालुक्यातल्या उमदीकडच्या एखाद्या वस्तीवरची मजुरी करणारी बाई सरपंच झाली, तर जिल्हा परिषदेत एका सहीसाठी यायला तिचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. मग तिच्या जागी 'सरपंचपती' फिरतो, किंवा ज्याच्या घरात चारचाकी आहे तो तिचा कारभार बघतो. लोकांनी तक्ता बनवायचाच असेल तर हाही बनवावा: कुणाला किती कमी मिळतं आणि त्यामुळे खुर्चीवर प्रत्यक्षात कोण बसतं.

तेव्हा आमदाराला चांगला पगार मिळावा. फक्त तो ठरवण्याची रीत बदलावी. वीज कंपनीला दर वाढवायचे असतील तर वीज नियामक आयोगापुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, तो जाहीर करावा लागतो, ग्राहकांच्या हरकती मागवाव्या लागतात, जनसुनावणी होते. त्या सुनावण्यांचा उपयोग किती होतो, यावर मतभेद असतील. इचलकरंजीपासून सांगलीपर्यंतचे यंत्रमागधारक आणि ग्राहक संघटना दरवेळी फायली घेऊन जातात आणि थोडंफार पदरात पाडून घेतात. पण निदान कोणी तरी समोर बसून 'का वाढवता?' असं विचारतं. महाराष्ट्राच्या आमदारांना हा प्रश्न त्यांच्या वाढीबद्दल समोरासमोर कुणी विचारलेला नाही. ब्रिटनमध्ये २००९ च्या खर्चघोटाळ्यानंतर खासदारांच्या वेतन-भत्त्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. त्याने लोकांचा राग संपला असं नाही; २०१५ मध्ये त्याच प्राधिकरणाने वेतन ६७ हजारांवरून ७४ हजार पौंड केलं, तेव्हा पक्षनेत्यांनीही नाराजी दाखवली. तरी, 'आम्ही आमचं वाढवून घेतलं' हे वाक्य निघून गेलं.

मला त्याहून स्वस्त उपाय पसंत आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची सत्ताविसावी दुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली गेली आणि १९९२ मध्ये अमलात आली. आजच्या सभागृहाने केलेला वेतनबदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू होईल, एवढंच ती सांगते. त्याला आयोग लागत नाही, कार्यालय लागत नाही. वाढ करायची असेल तर करा, मग गावात या, मतं मागा, आणि निवडून आलात तर घ्या. महाराष्ट्रात हे साध्या कायदादुरुस्तीने होऊ शकतं. तिच्यात आणखी एक ओळ हवी: आमदारांच्या मूळ वेतनाला आणि निवृत्तिवेतनाला ज्या सूत्राने महागाई लागू होईल, त्याच सूत्राने राज्य सरकार ज्यांना ज्यांना मानधन देतं त्या सगळ्यांना ती लागू होईल. सेविका, आशा, मदतनीस, कोतवाल, ग्रामपंचायत कर्मचारी, सरपंच. फंडाची पेन्शन केंद्राची, तिथे आपल्या खासदारांना हेच सांगता येईल. तिजोरीत पैसे नसतील त्या वर्षी कुणालाच भत्ता लागू होणार नाही. मग तिजोरीची चिंता सभागृहाला खरोखर वाटायला लागेल.

सांगलीतून आठ आमदार जातात, साताऱ्यातून आठ. साताऱ्याच्या आठांपैकी चार डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले. अशासकीय विधेयक मांडायची मुभा मंत्री नसलेल्या प्रत्येक आमदाराला आहे. बाराजणांपैकी कुणीही ते मांडू शकतो. ते मंजूर होणार नाही हे गृहीत धरू. पण कोण मांडायला तयार आहे आणि कोण 'बघू, वरून निरोप आला की' म्हणतो, हे यात्रेच्या मंडपात, गणपतीच्या आरतीला, लग्नाच्या पंगतीत सहज विचारता येईल. ही मंडळी तिथे भेटतातच.